कळकलेली वाइन

‘कळकणं’ हा शब्द कल्हईवाल्याबरोबरच गाव सोडून गेला. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात मात्र तो आठवड्यातून एकदा तरी ऐकू यायचा. पितळी पातेल्याची कल्हई उडालेली असायची, कुणीतरी न बघता त्यात ताक नाहीतर चिंचेचं सार ठेवून द्यायचं आणि सकाळी आजी बोटानं चाटून म्हणायची, ‘कळकलं गं, टाकून दे.’ टाकायच्या आधी आम्ही मुलं चोरून चाखायचो, म्हणून ती चव पक्की लक्षात आहे. कडू म्हणावं तर कडू नाही. ओलं नाणं जिभेवर ठेवावं तशी, हिरवट, जिभेच्या कडा धरून बसणारी.

मागच्या सप्टेंबरात एरंडवण्यातल्या एका गच्चीवर नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनचा पहिला घोट घेतला आणि पन्नास वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून निघाला. ‘कळकलीय ही.’

चौघंही माझ्याकडे बघायला लागले. बाटली नुकतीच उघडलेली, थंडगार. झाकण फिरकीचं, त्यामुळे बूच खराब होऊन कुबट वास लागण्याचाही प्रश्न नव्हता. बाकी सगळ्यांना ताजी ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास येत होता, त्यामागून पेरू. एकजण तर ‘काय जमून आलीय!’ म्हणत दुसऱ्यांदा ओतून घेत होता. मी ग्लास फिरवला, नाक आत घातलं, पुन्हा फिरवला. वास शून्य. माझ्या ग्लासात पाणी होतं आणि पाण्याखाली कळक.

आमचा हा गट पाच जणांचा. महिन्यातून एक शनिवार, दोन बाटल्या, सोबत चीज आणि भाजलेले शेंगदाणे. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. नाशिकला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळे द्राक्षमळा बघायला गेले, तिथून हे वेड लागलं. नंतर कळलं, की नाशिकला जायचीही गरज नव्हती. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आपल्या मांजरीला आहे आणि नारायणगावला ऐंशीच्या दशकातच फेसाळत्या वाइनचा उद्योग उभा राहिला होता. आम्ही मात्र पुण्यात राहून ‘वाइन शॉप’ म्हणजे जिथे वाइन सोडून बाकी सगळं मिळतं ते दुकान, एवढंच जाणत होतो. असो. माझी एक दोनशे पानी वही आहे. २०१६पासून चाखलेल्या प्रत्येक वाइनचा वास, चव, कोणती बाटली, कोण काय म्हणालं, सगळं त्यात आहे. या वहीचं पुढे काम पडणार आहे.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं. त्या चौऱ्याऐंशीच्या. आमच्या शनिवारांना त्या ‘तुमचं ते द्राक्षाचं’ म्हणतात, नाक मुरडतात, पण गच्चीवर काय काय झालं ते सगळं ऐकायचं असतं. ‘कळकल्यासारखं लागलं’ म्हटल्यावर त्यांना एका शब्दात समजलं. (पुढच्या दोन महिन्यांत मी तीन डॉक्टरांसमोर हा शब्द वापरला, एकालाही तो माहीत नव्हता.) त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘नवी गोळी कधीपासून घेत्येस?’

मी हिशेब केला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून.

जुलैत नेहमीची तपासणी केली होती. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १७२ आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, २१०. माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेले आणि मी छप्पन्नची, त्यामुळे आमच्या फॅमिली डॉक्टरांनी फार चर्चा न करता अटोरव्हास्टॅटिन लिहून दिलं, २० मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारं एक एन्झाइम असतं, ते ही गोळी अडवते. यकृताला मग कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि ते रक्तातलं एलडीएल ओढून घ्यायला लागतं. बँकेतल्या भाषेत सांगायचं तर नव्या नोटा छापणं बंद, आता बाजारातल्याच गोळा करा.

‘मला त्या जुलाबावरच्या गोळीनं अस्संच व्हायचं,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पाणीसुद्धा कळकलेलं लागायचं. आणि काय गं, या गोळीवर द्राक्षं चालत नाहीत ना? मग तुमचं ते कसं चालतं?’

हा द्राक्षांचा गोंधळ आमच्या गटातही होता, म्हणून इथेच सोडवते. अटोरव्हास्टॅटिनवर वर्ज्य आहे ते ग्रेपफ्रूट, आणि ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते आपल्या पपनसाच्या कुळातलं आंबटकडू फळ. त्यातली काही द्रव्यं आतड्यातल्या, औषध मोडणाऱ्या एन्झाइमला निकामी करतात आणि गोळी जास्त प्रमाणात रक्तात उतरते. नावात ग्रेप आहे म्हणून आपल्याकडे कितीतरी लोक गोळी सुरू झाली की सांगलीची द्राक्षं बंद करतात. वाइनबद्दल डॉक्टरांचा आक्षेप वेगळा होता: दारूनं ट्रायग्लिसराइड्स वाढतात आणि यकृतावर भार येतो. तो मला जुलैतच ऐकवून झाला होता आणि मी मान डोलावून झाले होते.

तर गोळी. मी स्ट्रिप उलटीपालटी करून पाहिली, माहितीचा कागद काही सोबत नव्हता. मग युरोपातलं माहितीपत्रक शोधून वाचलं. त्यात दुष्परिणामांच्या लांबलचक यादीत चवीतला बदल होता, हजारात एक ते शंभरात एक या गटात. चोर सापडल्याचा आनंद झाला. त्या रात्री मी गोळी घेतली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. कुणालाच न सांगता नऊ दिवस बंद.

आणि काय सांगू, पाचव्या दिवशी चहा सुधारला! सहाव्या दिवशी तर मला वाटलं, तुळशीचासुद्धा वास येतोय. नवव्या दिवशी मी विजयी मुद्रेनं डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि जे झापलं ते अजून कानात आहे. ‘तुम्ही बँकेत होतात ना? तिथे कुणी हिशेब लागत नाही म्हणून खातंच बंद केलं असतं तर काय केलं असतं?’

मग जरा शांत होऊन त्यांनी मला लंडनमधल्या एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेला, सॅमसन नावाचा. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन (माझी गोळी याच गटातली) सोडलेल्या साठ जणांना बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या. चारांत खरी गोळी, चारांत तशीच दिसणारी खोटी गोळी आणि चार रिकाम्या. कोणती गोळी खरी ते कुणाला ठाऊक नाही. रोज त्रास किती याला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी आली ८, खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. म्हणजे लोकांना त्रास खराच होत होता, पण त्यातला बहुतेक गोळी ‘घेण्याचा’ होता, गोळीतल्या औषधाचा नव्हे. ‘तुमची तुळस कशी परतली, कळलं?’ डॉक्टर म्हणाले.

मला राग आला. म्हणजे मी काय कल्पनेनं कळकतेय? पण डॉक्टरांनी पुढे जे विचारलं त्यानं माझा सगळा गुंता दोन दोऱ्यांत वेगळा केला. ‘चव गेलीय की वास गेलाय?’

मी म्हटलं, एकच ना? त्यांनी बाहेरच्या काउंटरवरून वेलदोडा मागवला. दवाखान्यात वेलदोडा होता, हे पुणंच. नाक घट्ट चिमटीत धरायचं, वेलदोडा सोलून दाणे तोंडात टाकायचे, चावायचे आणि मग चिमटी सोडायची. त्यांनी आधी स्वतः करून दाखवलं आणि चिमटी सोडताच डोळे मोठे केले. मी केलं. नाक धरलेलं असताना थोडं तिखटसर, थोडं कडवट. चिमटी सोडली. काहीच बदललं नाही. तिखटसर, कडवट. वेलदोडा आलाच नाही.

निरोगी माणसाच्या बाबतीत चिमटी सोडताक्षणी घशामागून वाफ नाकात चढते आणि वेलदोडा ‘उगवतो’. आपण ज्याला चव म्हणतो तो बहुतांशी हा मागच्या दारानं नाकात शिरलेला वास. जिभेला एकटीला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्शात किंवा टोमॅटोत असते ती उमामी, एवढ्याच पाच गोष्टी कळतात. ढोबळी मिरची, पेरू, गुलाब हे सगळं नाकाचं खातं. उलट, कळक आणि वाइनच्या शेवटी उरणारा कडवटपणा हे जिभेकडचं. माझ्याकडे एक नाही, दोन तक्रारी होत्या आणि मी दोन्ही एकाच गोळीच्या नावावर टाकून मोकळी झाले होते.

‘गोळी आज रात्रीपासून परत सुरू. आधी नाक बघू,’ डॉक्टर म्हणाले.

नाकाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दुर्बीण घातली आणि मला पडद्यावर दाखवलं. नाकाच्या छताशी, जिथे वासाच्या पेशी असतात, तिथे जाणारी फट सुजलेल्या गुलाबी आवरणानं जवळजवळ बुजलेली. ‘सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दरवर्षी शिंका येतात का?’ येतात. ‘घराजवळ मोकळा प्लॉट आहे?’ आहे, आणि पावसाळ्यानंतर तो गाजरगवतानं पांढरा होतो. बाई हसल्या. या गाजरगवताची, म्हणजे काँग्रेस गवताची, भारतातली पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली. आपण पुणेकर पहिलेपणाचा मान कुठे सोडतो? याच्या परागांनी नाकाला ॲलर्जी होते आणि शिंका थांबल्या तरी आतली सूज रेंगाळते.

उपचार साधा निघाला. स्टेरॉइडचा नाकात मारायचा फवारा, रोज सकाळी कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुणं (सासूबाई: ‘जलनेती म्हण की सरळ’) आणि वासाचा रियाझ. शेवटचं ऐकून मला गंमत वाटली, पण तो खरा शास्त्रीय प्रकार आहे. जर्मनीत ड्रेसडेनमधल्या थॉमस हुमेल यांच्या गटानं २००९मध्ये तो मांडला, कोव्हिडनंतर जगभर गाजला. चार वास, दिवसातून दोनदा, बारा आठवडे: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. एकेक वीसेक सेकंद हुंगायचा आणि तो वास कसा होता हे मनाशी आठवत राहायचं. मी चार लहान बरण्या केल्या. गुलाबाचं अत्तर कापसावर, लिंबाची साल, ठेचलेली लवंग, निलगिरी तेलाचे दोन थेंब. सकाळ-संध्याकाळ मी खिडकीशी बसून हुंगायचे आणि नवरा म्हणायचा, ‘जप झाला का?’

पहिले दोन आठवडे फक्त निलगिरी कळायची, तीही वास म्हणून नाही, नाकात थंडगार झोंबतं म्हणून. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी लवंग आली. पुसट, म्हणजे दातदुखीवर लावायच्या तेलाची आठवण यावी इतपत. मी बरणी सासूबाईंच्या नाकाशी नेली, ही लवंगच ना म्हणून. मला स्वतःवर भरवसा नव्हता.

तो भरवसा कुठून आणायचा, हे माझ्या भाचीनं शिकवलं. ती अन्नतंत्रज्ञान शिकते. तिला मी ‘सुधारतंय बहुतेक’ म्हटलं, तर ती म्हणाली, ‘मावशी, बहुतेक म्हणजे किती?’ आणि रविवारी येऊन त्रिकोणी चाचणी मांडून गेली. तीन पेले. दोघांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कोणती ते फक्त वासावरून ओळखायचं. नुसत्या नशिबावर तीनांत एकदा बरोबर येतंच, म्हणजे बारा फेऱ्यांत चार. आठ आल्या तर नशीब म्हणता येत नाही.

रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून काचेचे ग्लास बाद. बोर्दोमध्ये २००१ साली पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ५४ विद्यार्थ्यांना दिली होती आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं होतं. वाइनचंच शिक्षण घेणारी मुलं ती, डोळ्यानं नाकाला फसवलं. तेव्हा आमच्याकडे स्टीलची फुलपात्रं आली. ओट्यावर तीन फुलपात्रं, एकात सोव्हिन्यों, दोनांत शेनिन ही दुसरी पांढरी वाइन, मी डोळ्याला पंचा बांधून खुर्चीत. तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. विरजण घेतलं आणि गेल्या. त्याचा हिशेब सोसायटीत अजून चालू आहे.

ही पहिली चाचणी: बारापैकी चार. नशिबाच्या आकड्यावर बरोब्बर. भाचीनं सहानुभूती वगैरे काही दाखवली नाही, वहीत लिहिलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा: बारापैकी नऊ. सातव्या फेरीत मी वेगळं फुलपात्र नाकाशी नेलं आणि कुणीतरी शेजारी बसून ढोबळी मिरचीचं देठ उपटावं तसा वास आला. मला रडू यायचं बाकी होतं. पंचा होता म्हणून बरं.

लक्षात घ्या, या सगळ्या काळात अटोरव्हास्टॅटिन रोज चालू होतं. वास गोळीनं नेलाच नव्हता. ज्या चोराला मी सप्टेंबरात पकडलं होतं, तो त्या चोरीपुरता निर्दोष सुटला.

कळक मात्र तिथेच होती. ढोबळी मिरची, पेरू, सगळं यायचं आणि घोट गिळला की मागून आजीचं पातेलं. ताकालाही तेच, सकाळच्या पाण्यालाही तेच.

डॉक्टरांना म्हटलं, आता तुमचा सॅमसन माझ्यावर करा. ते आधी नको म्हणाले. मग विचार करून म्हणाले, ‘तुम्हाला अटॅक येऊन गेलेला असता किंवा स्टेंट असती तर मी एक दिवसही गोळी थांबवू दिली नसती. तुमच्या बाबतीत तीन आठवडे चालतील. पण एकदाच, आणि मला सांगून.’ ठरलं ते असं: नऊ आठवडे, तीन-तीन आठवड्यांचे तीन भाग. दोन भाग गोळीचे, एक बिनगोळीचा. कोणता भाग कोणता, ते मला कळता कामा नये.

खोटी गोळी कुठून आणायची? तोडगा सासूबाईंनी काढला. आमच्याकडे पूर्वी कुत्रा होता. त्याला जंताचं औषध त्या तूप लावलेल्या पोळीच्या गोळ्यात घालून द्यायच्या. ‘तुलाही तसंच देते. एकात तुझी गोळी, एकात डाळं. न चावता गिळ.’ डाळं म्हणजे चिवड्यातलं. आकार साधारण सारखा. तीन चिठ्ठ्या केल्या, त्यांनी देवासमोर एकेक उचलली, क्रम कागदावर लिहून पाकीट बंद केलं आणि ते पोथीच्या घडीत ठेवलं. १ डिसेंबरपासून रोज रात्री साडेनऊला मी तोंड उघडून उभी आणि चौऱ्याऐंशी वर्षांची बाई माझ्या जिभेवर पोळीचा गोळा ठेवतेय, असं दृश्य आमच्या घरात नऊ आठवडे होतं. मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचा फार प्रयत्न केला. साठ वर्षं संसार केलेल्या बाईच्या चेहऱ्यावरून काही ओळखता येत नाही, एवढं कळलं.

मोजमाप रोज सकाळी. चूळ भरायची, चहाच्या आधी दोन चमचे ताक, कळक किती याला शून्य ते पाच गुण. वाइन आठवड्यातून एकदाच, दोन चमचे, चाखून थुंकायची. त्यात मजा काही नव्हती.

पहिले तीन आठवडे रोज ३, मधेच ४. दुसऱ्या भागाच्या पहिल्याच सकाळी २. मग १, १, १. मी नवऱ्याला म्हटलं, हे डाळं आहे, लिहून ठेव. त्यानं लिहून ठेवलं. आठवड्याभरात परत २, मग ३. मी मनाला समजावलं, उतरायला वेळ लागतोय. तिसरा भाग सुरू झाला तेव्हा माझ्या हिशेबानं आता पुन्हा गोळी होती, त्यामुळे मी कळक सोसायची तयारी करूनच ताक तोंडात घेतलं. ३. सहा दिवस ३. मग २. नवव्या दिवशी १. बाराव्या दिवशी शून्य, आणि मग शेवटपर्यंत शून्य. ताक नुसतं ताक लागत होतं, आंबट, किंचित गोडसर, मागे काही नाही. जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण दहा दिवसांत नव्या होतात, हे डॉक्टर बोलले होते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पोथीतून पाकीट निघालं. सासूबाईंच्या सुवाच्य बाळबोध अक्षरात: गोळी. गोळी. डाळं.

म्हणजे दुसऱ्या भागातली सुधारणा माझ्या मनाची होती. सप्टेंबरातली तुळसही तीच. आणि तिसऱ्या भागात मी गोळी आहे असं धरून चालले असताना कळक गेली, ती खरी गेली. डॉक्टरांनी दोन्ही खूण करून घेतलं. एका बाईचा, एका डाळ्याचा प्रयोग, यावरून जगाला काही सांगता येत नाही, असंही बजावलं. पण गोळी बदलायला ते तयार झाले. रोसुव्हास्टॅटिन, १० मिलिग्रॅम. तेही स्टॅटिनच, पण ते ग्रेपफ्रूटच्या भानगडीत सापडत नाही आणि शरीरात वेगळ्या वाटेनं जातं. दुष्परिणामाची नोंदही केली. आपल्याकडे ती गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे जाते आणि रुग्ण स्वतः फॉर्म भरू शकतो. त्रासाच्या रकान्यात मी आधी ‘कळकल्यासारखी चव’ लिहिलं. मग गाझियाबादला हे कोण वाचणार असं वाटून पुढे ‘धातूसारखी’ जोडलं.

नव्या गोळीवर सकाळचे गुण शून्य, कधीतरी १. एप्रिलच्या तपासणीत एलडीएल ९४. ट्रायग्लिसराइड्स १४८वर आले, त्याचं श्रेय डॉक्टरांनी गोळीला कमी आणि नऊ आठवडे दोन-दोन चमच्यांवर काढल्याला जास्त दिलं. मी आता शनिवारी एकच ग्लास घेते. हृदयासाठी लाल वाइन चांगली असते, असं अजूनही गटात कुणीतरी म्हणतं. मला ते माझ्या डॉक्टरांसमोर म्हणून दाखवावं.

एक राहिलंच. फेब्रुवारीअखेरच्या शनिवारी शिराझ ही लाल वाइन होती. ग्लास फिरवायच्या आतच तिघं एका सुरात म्हणाले, ‘मिरी!’ मला जांभूळ आलं, धूर आला, थोडं चामडं आलं. मिरी नाही. पोटात गोळा आला. परत गेला वास? घरी येऊन लवंगेची बरणी हुंगली, ती ठणठणीत. रात्री भाचीला फोन केला. ती म्हणाली, शिराझमधल्या मिरीच्या वासाचं द्रव्य, रोटंडोन त्याचं नाव, २००८मध्ये ऑस्ट्रेलियात शोधलं गेलं. खऱ्या मिरीच्या वासामागेही तेच द्रव्य असतं. आणि पाचात एखाद्या माणसाला त्याचा वास मुळातच येत नाही, कितीही हुंगलं तरी. ‘तुझी जुनी वही बघ ना, मावशी.’

रात्री साडेअकराला दिवा लावून मी वही काढली. २०१६पासून अकरा शिराझ. जांभूळ, धूर, काळा मनुका, एकदा कातडी चप्पल. मिरीचा उल्लेख फक्त एकदा, २०१८च्या पानावर, माझ्याच अक्षरात: ‘मिरी (सगळे म्हणतात).’

बाराव्या शिराझखाली तारीख घातली, जांभूळ, धूर, चामडं लिहिलं आणि पुढे कंसात परत तेच.